धावड्याची बैठी आत्या

आमची आत्या कुणापुढं उभी राहून बोलत नसे. महसुलाचा गिरदावर येवो, पोलीस जमादार येवो, देशमुखांचा कारभारी येवो. आत्या पदर सावरून आधी खाली बसायची आणि मग तोंड उघडायची. जागा कोणती हे बघायची नाही. शेताचा बांध असो, कचेरीची फरशी असो की बाजारातली धूळ. मोगलाईत, म्हणजे हैदराबाद संस्थानात, साहेबापुढं रयतेनं हात बांधून उभं राहायचं, हा रिवाज. तो कुणी लिहून ठेवला नव्हता, पण आमच्या भागात पोर चालायला लागलं की बापाकडं बघून तेवढं आपोआप शिकायचं. त्यात ही एक बाई बसायची. म्हणून भोकरदन तालुक्यात तिचं नाव पडलं, बैठी आत्या. कुणी कौतुकानं म्हणे, बहुतेक जण टवाळीनं. तिला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पाय माझे हायेत. कवा उभं राह्याचं ते मी ठरवीन."

माझे आईवडील मी लहान असताना एकाच साथीत गेले. आत्या विधवा होऊन माहेरी आलेली. तिनंच मला वाढवलं आणि माझ्या वडिलांची जमीनही तिनंच केली. आमचं घराणं मूळचं मेंढरांचं. आजोबांनी कळप विकून धावड्याला काळी जमीन घेतली, तरी घरात बसायला चटई कधी आली नाही. घोंगडीच असायची.

लढाईच्या वर्षांत सरकारनं लेव्ही लावली. घरटी ज्वारी मोजून न्यायची. गिरदावर शिपाई घेऊन आमच्या अंगणात आला, तेव्हा आत्या पेवाच्या तोंडावर जाऊन बसली. पेव म्हणजे आमच्याकडचं जमिनीतलं धान्याचं कोठार. तोंडावरच माणूस बसलं तर आत उतरायचं कसं?

"उठो बाई, उठो!" शिपाई ओरडला.

"तुमीच बसा की. लांबून आल्ता, दमला असाल," आत्या म्हणाली.

पुष्कळ वेळ गेला. ऊन चढलं. शेवटी गिरदावर खरोखरच तिच्यासमोर मातीत बसला. ज्वारी गेलीच, पण माप त्याच्या डोळ्यांसमोर झालं, आणि मापावर शीग चढवून जास्तीची ज्वारी लाटायचा नेहमीचा उद्योग त्या दिवशी झाला नाही.

मी तेव्हा स्वराज्याची पत्रकं वाचून पेटलेला होतो. मी म्हणालो, "आत्या, एक दाणा द्यायचा नव्हता."

"त्याह्यच्याकडं बंदूक व्हती. तुझ्याकडं काय व्हतं?"

"विचार होता."

"मंग त्यो फेकून मारायचा व्हता. गप का बसलास?"

तिच्या बसण्यात दुसरी एक अट होती, ती लोकांना जास्त झोंबायची. तिच्यापुढंही कुणी उभं राहिलेलं तिला चालत नसे. एकदा गावचा तराळ, म्हणजे अस्पृश्य मानला जाणारा गावकामगार, कचेरीचा निरोप घेऊन आला आणि अंगणाच्या कडेला उभा राहिला. आत्या म्हणाली, "बस." तो म्हणाला, "न्हाई बाई, हितंच बरं हाय." आत्या चिडली. "मी बसून राह्यले आन् तू ताडावानी उभा. माझी मान दुखाया लावतू व्हय? ये, घोंगडीवर बस." तो बसला. भीत भीत, अगदी कडेला, पण बसला. आणि आत्यानं त्याला आमच्याच तांब्यातून पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या भावकीला खबर. त्या महिन्यात भावकीत लग्न होतं. आमच्या घरी अक्षत आली नाही. आत्या चारचौघांत म्हणाली, "बरं झालं. मंगलाष्टकं सरंपर्यंत बिलकुल बसू देत न्हाईत." लोक हसले. पण वरात दारावरून गेली त्या दिवशी ती चुलीपाशी गेली नाही, भाकरीला तिनं हात लावला नाही, हे मला ठाऊक आहे. धीट माणसाला काही लागत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी धीट माणूस घरात पाहिलेलं नसतं.

धावड्याच्या पलीकडं घाट चढला की वऱ्हाड. म्हणजे इंग्रजी हद्द. तिथं मराठी वर्तमानपत्रं निघत, सभा होत. इकडं शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत, कोर्ट उर्दूत. वऱ्हाडातून चोरून येणाऱ्या पत्रकांवर मी मोठा झालो. गुळाच्या पोत्यातून ती यायची, त्यामुळं कडा चिकट असत. आत्याला वाचता येत नव्हतं. मी मोठ्यानं वाचायचो, ती ज्वारी पाखडत ऐकायची. संपलं की एकच प्रश्न. "ह्याच्यात आपल्या गावचं काय हाय?" काही नसायचं. जगाचं सगळं असायचं, स्वराज्य असायचं, पण धावड्याची लेव्ही, भोकरदनची कचेरी, घोंगडीवर बसलेला तराळ, यांतलं काही नसायचं. "मंग आपलं कोन छापतंय?" आत्या विचारायची. मी पुढं जे काही झालो तो त्या प्रश्नामुळं. सबंध तालुक्यात मराठी छापणारं एकही यंत्र नव्हतं.

मी हैदराबादला विद्यापीठात होतो, तेव्हा तिथं एक नवी योजना निघाली. निवडलेल्या विद्यार्थ्यांनी एक सहामाही वर्ग सोडून बाहेर राहायचं आणि प्रत्यक्ष काम शिकायचं. कुणी पाटबंधाऱ्यावर, कुणी दवाखान्यात. आणि एक जागा होती मुंबईच्या छापखान्यात. ती यादीत वाचली तेव्हा मला दुसरं काही दिसेनासं झालं. निवड करणाऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, "छपाई क्यों सीखना चाहते हो?" मी सरळ सांगितलं, की आमच्या भागातल्या माणसांचं म्हणणं छापणारं कुणी नाही. म्हातारा भला होता. दाराकडं एकदा बघून म्हणाला, "बेटा, ये बात अर्जी में मत लिखना." मी लिहिली नाही. निवड झाली. राहिलं फक्त एक: विद्यार्थी नेकचलनीचा आहे, अशी हमी पालकानं आपल्या तहसीलदारापुढं जातीनं हजर राहून द्यायची. ती सुटी संपण्याआधी पोचली नाही, तर जागा दुसऱ्याला.

पालक म्हणजे आत्या. तहसीलदारापुढं म्हणजे उभ्यानं.

भोकरदनला जाताना छकड्यात मी विषय काढला. "आत्या, आजच्या दिवस..."

"कळलं," ती म्हणाली.

"म्हणजे काय करणार तू?"

"बैलाकडं बघ. खड्डा आला."

कचेरीच्या ओसरीवर अर्ज लिहिणाऱ्यांनी तिला पाहून लेखण्या खाली ठेवल्या. चपराशी दुसऱ्याला म्हणाला, "आली. बघ आता, दारातच बसतीय का आत जाऊन." आत्या आत गेली. टेबलासमोर थांबली. आणि उभी राहिली.

आयुष्यात पहिल्यांदा मी तिला तशी पाहिली. मला वाटायचं आत्या उंच आहे. ती फारच बुटकी होती. टेबलाच्या वर तिचे खांदे तेवढे येत होते. चपराशाचं तोंड उघडं राहिलं. मी मान खाली घातली.

तहसीलदार नवा होता, तरुण होता, वाईट नव्हता. त्यानं माझा अर्ज चाळून विचारलं, "लडका कैसा है?"

"चांगला हाय, सायेब. तोंडाचा फटकळ हाय. पर चोरीचपाटी न्हाई, दारू न्हाई. कांदा मातर लई खातू."

तो हसला. काम होणार असं मला वाटलं. मग पेशकारानं, म्हणजे तहसीलदाराच्या कारकुनानं, हमीचा छापील मुचलका काढला. असा काही कागद असतो हे आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं. उर्दू मजकूर पेशकार वाचत गेला आणि मी आत्याला मराठीत सांगत गेलो. मुलगा सरकारशी इमान राखील. "बरं." सभा-मिरवणुकांत जाणार नाही. "त्याचं त्यो बघंल. पुढं?" गेला तर जमिनीची जबाबदारी पालकावर. "असू दे. पुढं?"

पुढचं कलम ऐकून माझी जीभ अडली.

"पुढं सांग की."

मी सांगितलं. गावात मुलाशी कोण कोण संबंध ठेवतं, त्याला कागद कोण आणून देतं, त्यांची नावं पालक चौकीवर येऊन कळवीत जाईल.

"कुणाची नावं?"

"गावातल्यांची. पोरांची."

आत्या खाली बसली. त्याच फरशीवर, टेबलाच्या पायाशी. "एवढ्यासाठी उभी राह्यले व्हय मी?"

"ए बाई, ऊठ! कचेरी हाय ही!" चपराशी धावला. तहसीलदारानं त्याला हातानं थांबवलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "अम्मा, ये सिर्फ दस्तूर है. सब लोग अंगूठा देते हैं. नाम पूछने कोई नहीं आता."

मी सांगितल्यावर आत्या म्हणाली, "कुणी इचारत न्हाई, तर लिवलं कशाला?"

तहसीलदारानं मुचलका पुढं सरकवला. "लडके का नुकसान होगा," एवढंच तो म्हणाला. ते मात्र मला सांगावं लागलं नाही. तिला बरोबर कळलं. ती माझ्याकडं वळली.

"तू बोल. शिकायचं तुला हाय. तू म्हनशील तर उठते आन् अंगठा देते. पर एक ध्यानात ठेव, अंगठा दिला म्हंजी शबुद दिला. मंग नावं सांगावी लागतील, आन् मी सांगीन. बोल जल्दी."

एरवी मी कुठंही भाषण करतो. तिथं मी फक्त कागदाकडं बघत होतो. मुंबईचा छापखाना समोर होता, विद्यापीठाची पदवी होती, आणि त्या कागदाच्या तळाशी तिच्या अंगठ्याएवढी मोकळी जागा. पत्रकांत ज्याला अन्याय म्हणतात त्याचा आकार मी त्या दिवशी पाहिला. तेवढाच असतो. एका अंगठ्याएवढा. तिथं सबंध गाव मावतं.

"आत्या, बस तू," मी म्हणालो. तहसीलदाराला म्हणालो, "अर्ज परत द्या." आणि तिच्या शेजारी फरशीवर बसलो. भिंतीशी ताटकळलेला एक म्हातारा म्हणाला, "मंग मी बी टेकतो. गुडघे गेले माझे." तोही बसला. अर्ज माझ्या हातात आल्यावरच आम्ही उठलो.

परतताना छकडा भोकरदनबाहेर पडला. मग आत्यानं विचारलं, "वाईट वाटून राह्यलं?"

"हो."

"वाटू दे. वाटणारच." थोड्या वेळानं म्हणाली, "मला एक सांग. त्या छापखान्याला दार न्हाई का?"

"आहे की."

"मंग दारातनं जाय ना आत. तुझ्या विद्यापीठानं हात धरून न्यायलाच पायजे का? झाडू मार. काम इचार. एवढा उर्दू शिकलास, तुला खिळे जुळवाया येणार न्हाईत?"

मुचलका नाकारल्याची खबर कचेरीतून गेली आणि विद्यापीठानं माझं नाव काढून टाकलं. चौकीवर मात्र लिहिलं गेलं. रस्त्यानं गेलो असतो तर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर धरलं असतं, म्हणून आत्यानं केदारखेड्याच्या तात्यांना बोलावलं. तात्या तिचे चुलतभाऊ. ते अजून मेंढरं राखत आणि चराईला घाट चढून वऱ्हाडात जात. मेंढरांना हद्द कुणी विचारत नाही. मी डोक्याला मुंडासं बांधून, खांद्यावर एक लंगडं कोकरू घेऊन, दिवसाढवळ्या शिपायांसमोरून मोगलाईबाहेर पडलो. निरोप देताना आत्या रडली नाही. म्हणाली, "तात्याचं कोकरू परत दे. आन् अर्धवट शिकून येऊ नको."

मुंबईत मी आधी झाडू मारला, मग छपाईचे खिळे धुतले, मग जुळवायला शिकलो. परत येणं शक्य नव्हतं. धनगरांकडून बातमी यायची. आत्याला चौकीवर बोलावलं होतं; पोरगा कुठं गेला विचारलं. ती म्हणाली, "मेंढरामागं गेलाय." त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा पुन्हा खरं तेच सांगितलं.

हैदराबादचं राज्य गेलं त्याच्या आधीच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. रस्ते बंद होते, डॉक्टर नव्हता. तिची माती तात्यांनी केली. मला कळलं तेव्हा ज्वारी पोटऱ्यात आली होती, कणसं बाहेर पडायच्या बेतात होती.

परवा वारसाची नोंद करायला भोकरदनच्या कचेरीत गेलो. साहेब आमचा, मराठी बोलणारा. पेशकार जुनाच. आणि मुचलकाही जुनाच, नावं कळवण्याच्या कलमासकट, फक्त वरचं जुन्या सरकारचं नाव खोडून नवा शिक्का मारलेला. माझ्यापुढं एक बाई होती. तिनं विचारलं, "काय लिवलंय ह्याच्यात?" पेशकार म्हणाला, "काही न्हाई, दस्तूर हाय," आणि तिचा अंगठा धरून शाईत बुडवला.

भावकी म्हणते, आता झालं ना स्वराज्य, शेत कर, लग्न कर. मी जालन्याला स्टेशनाजवळ एक खोली घेतली आहे. मुंबईहून जुनं हातयंत्र मालगाडीत चढलं आहे. लोक विचारतात, पहिलं काय छापणार? जयघोष छापणारे पुष्कळ आहेत. मी तो मुचलका छापणार आहे, सगळ्या कलमांसह, मराठीत, मोठ्या खिळ्यांत, आणि भोकरदनपासून अंबडपर्यंत प्रत्येक कचेरीच्या ओसरीवर उभा राहून वाटणार आहे. कशावर अंगठा देतोय हे माणसाला अंगठा शाईत बुडवण्याआधी कळलं पाहिजे. साहेब कुणाचाही असो.