हिरडीचं रगत

आमच्या घरी हिरडी सुजली की बाभळीचा काटा टोचायचा आणि रगत थुंकून टाकायचं. खराब रगत गेलं की माणूस हलका होतो, ही सासूबाईंची खात्री. आमच्या ह्यांच्या हिरड्यांतून तर कायमच पू यायचा. भाकर चावली की लाल व्हायची, म्हणून ती वरणात कुस्करून गिळायची. दातासाठी डॉक्टरकडे जाणं म्हणजे गावात हसं.

त्या साली महाराष्ट्र झाला आणि आमच्या घरात ताप आला. कापूस वेचणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी ह्यांचं अंग तापू लागलं. चालता माणूस शेताच्या धुऱ्यावर बसून राही. हिवताप म्हणून आर्णीहून कडू गोळ्या आणल्या. मग अंगारा, उतारा, कोंबडं. जो येई तो एक उपाय सांगून जाई आणि मी करी. बुडत्याला काडीचा आधार. सासूबाई पुन्हा काटा घेऊन आल्या, तेव्हा माझं डोकं सटकलं. अंगात रगत उरलंच कुठं, मी म्हणाले. घरात अबोला झाला.

शेवटी बैलगाडीत घालून आर्णी, तिथून मोटारीनं यवतमाळचा मोठा दवाखाना. डॉक्टर छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. मग तोंड उघडायला लावून हिरडी दाबली. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, विचारलं. आला होता. काळीज तेव्हाच दुबळं झालं, आता हिरडीतलं विष रक्तात उतरून त्यावर जाऊन बसलं, म्हणाले. काट्यानं त्याला वाटच करून दिली. तोंड कुठं, काळीज कुठं! मला वाटलं, हा माणूस मले येड्यात काढून राह्यला.

पेनिसिलीनच्या सुया सुरू झाल्या, रात्रंदिवस. टोचायला अंगावर जागा राहिली नाही. मी व्हरांड्यात चूल पेटवी आणि देवाशी भांडत राही. माझे सगळे दात उपटून घे मेल्या, पण ह्यांना सोड.

एका दुपारी अंग जरा निवलं. डॉक्टर काय म्हणतात, ह्यांनी विचारलं. मी सांगितलं तर हे हसले.

"दातानं कुठं मानूस मरते काय वं? उद्या गाडी बलाव, घरी जाऊ."

दिवस मावळायच्या आत गेले.

भेटायला येणाऱ्या बाया विचारत, कायनं गेले? मी सांगे, हिरडीनं. त्या एकमेकींकडे बघत, तोंडाला पदर लावत. बिचारीचं डोकं फिरलं, असं मागं बोलत. एक दिवस सासूबाईंनी मला चुलीपाशी बसवलं.

"बाई, माह्या लेकाच्या मरनाचं हसं करू नोको."

त्या रडत होत्या. त्यानंतर कोणी विचारलं तर हे तापानं गेले, असंच मी सांगते.