नुसतं तोंड हलवायचं नाही

चातुर्मासात लग्नं होत नाहीत, आणि लग्नं नसली की आमच्या घरी चूल एकदाच पेटायची. माझे बाबा हिंगणघाटच्या एका बँडपार्टीत युफोनियम वाजवायचे. पोटाशी धरून फुंकायचं ते मोठं पितळी वाद्य. वरातीत नाचणाऱ्यांचं त्याच्याकडे लक्ष नसतं, पण ते थांबलं की बाकीची वाद्यं पोरकी वाटायला लागतात. आषाढात ते भिंतीवर खिळ्याला टांगलं जाई, बाबा धान्यबाजारात पोती उचलायला जात आणि आई चार घरची भांडी घासायला. तुळशीचं लग्न लागेपर्यंत हे असंच.

पाचवीत असताना शाळेच्या समूहगीतात माझी निवड झाली. दोन दिवस बाईंनी ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, तू मागच्या रांगेत उभी राहा आणि नुसतं तोंड हलव, तुझा आवाज वरातीतला आहे. मी हलवलं. कार्यक्रमाला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. घरी परतताना एवढंच म्हणाले, "तुझा सूर काही मला सापडला नाही ग."

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. संगीत घेऊन बी.ए. केलं. आता हिंगणघाटला वस्तीतल्या मुलांचं समूहगान बसवते आणि कुणालाही मागच्या रांगेत लपवत नाही. नागपूरच्या एका कार्यक्रमात जबलपूरच्या शोभाताईंनी ती मुलं ऐकली आणि फोन केला. त्यांच्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला मुलांचं गाणं बसवायचं होतं, आठ दिवस याल का म्हणाल्या. मी लगेच हो म्हटलं. विंध्य-सातपुडा मी तोवर भूगोलाच्या पुस्तकातच पाहिला होता.

नागपूरहून सकाळची बस धरली. देवलापार गेलं, खवासा गेलं, आणि मध्य प्रदेश सुरू झाला तो पाट्यांवरून कळला, झाडं तीच सागाची. पेंचच्या जंगलातून रस्ता खांबांवर उचललेला आहे, खालून जनावरांनी जावं म्हणून. दोन्ही बाजूंना उंच भिंती घातल्यात, गाड्यांचा आवाज जनावरांना जाऊ नये यासाठी. वाघाच्या कानाची एवढी काळजी, म्हटलं, छान आहे.

सिवनीला बस थांबली. मी कागदाच्या पुडीत मंगोडे (मुगाच्या डाळीची भजी) घेतले आणि हिरव्या चटणीसकट साडीवर सांडले. शेजारच्या बाईंनी न विचारता आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं, त्यामुळे डाग दुप्पट झाला. मग लखनादौन, धूमा, बरगी. जबलपूरच्या तोंडाशी तिलवारा घाटाचा पूल आला तसं सगळ्या बसनं हात जोडले. कंडक्टर पैसे मोजता मोजता थांबून म्हणाला, "नर्मदे हर." मीही म्हटलं. नदी रुंद होती, हिरवट होती आणि कुणाची वाट पाहत नव्हती.

शोभाताई गोरखपूरला राहतात. हे जबलपुरातलं गोरखपूर, बाजाराचा भाग, खाली दुकानं आणि वर घरं. नवरा केंद्र सरकारच्या कचेरीतून निवृत्त. दारातच त्या म्हणाल्या, "काहून ग, एवढा उशीर? चलो, हात धू. पोहे करून राहिली मी." पोह्यांसोबत खोव्याची जिलेबी होती. आपल्याकडच्या जिलेबीसारखी कुरकुरीत नाही. काळपट, जाड आणि पाकानं जड झालेली, एक खाल्ली की दुसरीकडे बघवत नाही, तरी मी दुसरी खाल्ली.

त्यांच्या कोनाड्यात मातीची भुलाबाई आणि भुलोजी मांडलेले दिसले आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगते: भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे संध्याकाळी मुली जमतात, भुलाबाईपुढे गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातली खिरापत वास न घेता, नुसता डबा हलवून ओळखतात. त्या संध्याकाळीही मुली आल्या. बोलणं सगळं हिंदीत, गाणी मात्र मराठीत, तोंडपाठ. त्यात सोळाएक वर्षांची एक उंच मुलगी होती, निकिता. वडील शहराबाहेर खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात कामाला. ती टाळ्या बरोबर वाजवत होती, ओठ प्रत्येक शब्दाला बरोबर हलत होते. मी तिच्या शेजारीच बसले होते. आवाज येत नव्हता.

मी तिला हळूच विचारलं. ती सहज म्हणाली, "मी तर तोंडच हलवून राहते न दीदी. दाणी काकांनी सांगितलं. आवाज़ मोटी है मेरी, लड़कों जैसी."

देवासमोर, कुणी परीक्षक नसताना, खिरापतीच्या घोळक्यातही तिचं तोंड नुसतं हलत होतं. मला माझी पाचवी आठवली. मी मनाशी ठरवलं की ही मुलगी गायल्याशिवाय आपण तिलवाऱ्याचा पूल परत ओलांडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी शोभाताई आणि मी तालमीला खमरियाला गेलो. शहर ओलांडून बस कारखान्याच्या वसाहतीत शिरली की गर्दी एकदम संपते. सरळ रस्ते, जुनी झाडं, एकसारखी क्वार्टर्स, पेरूच्या फांदीला टांगलेले धुतलेले गणवेश. हॉलमध्ये दाणी काका पेटी उघडून बसले होते. कारखान्यातून निवृत्त, मंडळाचे सचिव, इस्त्रीच्या घडीसारखे नीट. इथं मराठी कार्यक्रम टिकला तो बराचसा त्यांच्यामुळे, हे शोभाताईंनी मला बजावून सांगितलं होतं, आणि ते खरं आहे.

गाणं त्यांनी ठरवलेलं होतं. दरवर्षी तेच ठरतं. शब्द भारी, चाल दीड सप्तकात फिरणारी, आणि पट्टी काळी चार, मुलांना उंच पडणारी, कारण काकांची बोटं तिथे सवयीनं पडतात. मुलांनी सुरुवात केली. पुढची रांग वर चढली. मधली रांग किंचाळली. मागच्या रांगेत निकिता होती, आवाज फुटायला लागलेली दोन मुलं होती, आणि त्या तिघांचे ओठ फार सुंदर हलत होते.

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा वाजला. पाळी सुटल्याचा, लांबलचक, एकाच सुरात. काकांनी पेटी थांबवली, भोंग्याच्या वेळी इथे सगळेच थांबतात. मी मुलांना म्हटलं, थांबू नका, हाच सूर आपापल्या गळ्यात शोधा, जिथे सापडेल तिथे. मुलं हसली. लहानपणापासून ऐकलेला भोंगा, पण त्यात सूर असतो असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. कुणी वर धरला, कुणी खाली. दोन मोठ्या मुलांनी घुमवला. निकिताचे ओठ मिटलेलेच राहिले.

तालीम संपल्यावर मी काकांना सांगितलं की गाणं बदलू. शोभाताईंकडे ऐकलेलं भुलाबाईचं गाणं घेऊ. पाच सुरांत बसतं, एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं, पट्टी खाली आणून काळी एक धरली तर प्रत्येक गळा त्यात मावतो.

काकांनी पेटीचा भाता बंद केला. मग म्हणाले, "मॅडम, इथे मराठी घरातच राहते. वर्षातून एकदा स्टेजवर येते. ती नीट यायला पाहिजे."

"गप्प राहिलेलं मूल नीट दिसतं काका, पण ते गात नाही."

"तुम्ही आठ दिवसांच्या पाहुण्या. लोकांचं मला वर्षभर ऐकायचं आहे. त्यात ते मुलींच्या खेळातलं गाणं. बिघडलं तर?"

"बिघडलं तर माझं नाव सांगा. बापाचंही सांगा, हिंगणघाटचे बँडवाले म्हणून. पण सगळी मुलं गाणार असतील तरच मी थांबते, नाहीतर उद्याची बस आहे."

शोभाताईंनी मला परतीच्या रस्त्यात चांगलं सुनावलं. एवढं तोंडावर बोलतात का वडीलधाऱ्यांना, वगैरे. घरी पोचल्यावर मात्र त्यांनीच काकांना फोन लावला, आणि आत जाऊन बोलल्या. काय बोलल्या ते मला सांगितलं नाही. काकांचा होकार आला, पण अटीसकट: पेटी तेच वाजवणार.

मुलग्यांची वेगळीच अडचण. एका मुलानं सांगितलं की दोस्त लोग चिढ़ाएँगे, हे लड़कियों का गाना आहे. मी त्याला माझ्या बाबांबद्दल सांगितलं. झुपकेदार मिशांचा माणूस, प्रत्येक लग्नात मुलीच्या पाठवणीला असा वाजवायचा की नवऱ्याकडचेही डोळे पुसत. त्यांना कुणी लड़की म्हटलं नाही. मुलगा म्हणाला, मिशी होती म्हणून. सगळे हसले, तोही गायला लागला. मग मुलांनी आपलं एक कडवं जोडलं. भुलाबाईच्या गाण्यात सासर-माहेर असतं, यांनी आपलं घातलं:

भोंगा वाजे खमरियात, बाबा निघाले कामाला ग
डबा राहिला ओट्यावर, कोण देईल बाबाला ग

हे कडवं कुणी उचलायचं याची मुलांत भांडणं लागली. निकितानं नाव दिलं नाही.

रविवारी मुलांनी मला भेडाघाटला नेलं. संगमरवराचे कडे सगळे दाखवतात, नावाडी यमकं जुळवत गोष्टी सांगतो, आणि ते पांढरे, पिवळे, निळसर दगड खरंच बघण्यासारखे आहेत. पण मला लक्षात राहिला धुआँधार. नर्मदा तिथे एका खाचेत अशी कोसळते की पाण्याचा धूर होतो. कठड्याशी उभं राहिलं की चष्मा ओला, पदर ओला, आणि बोललेलं स्वतःलाही ऐकू येत नाही. मुलं तिथे मुद्दाम ओरडून गायला लागली. तोंडं दिसत होती, आवाज पाण्यात गेले होते. मी निकिताला चिकटून उभी होते म्हणूनच मला कळलं. ती गात होती. डब्याचं कडवं, खालच्या सुरात, भरदार, जराही न हलता.

कडवं संपलं तशी मी तिच्या कानाशी गेले. ती दचकली. "इधर तो कोई सुनता नहीं न, दीदी."

"मी ऐकून राहिले."

तिनं तोंड फिरवलं. परतीच्या गाडीत ती सगळ्यांत पुढे जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तालमीला मात्र भोंगा वाजला तेव्हा तिनं सूर धरला, आणि भोंगा संपल्यावरही सोडला नाही. शेजारची मुलगी वळून बघायला लागली तरी सोडला नाही. मग मी सांगितलं की गाणं पेटीनं सुरू होणार नाही. बाबांच्या बँडमध्ये पहिला सूर युफोनियम द्यायचा, बाकीची वाद्यं त्यावर उभी राहायची. आपला पहिला सूर निकिता देईल. ती म्हणाली, नाही जमलं तर? मी म्हटलं, तर मी स्टेजवर येईन आणि आपण दोघी बेसूर होऊ.

कोजागिरीला गोरखपूरचा हॉल भरला. एका कोपऱ्यात आटणाऱ्या दुधाचा वास, पुढच्या ओळीत फेटेवाले पाहुणे. माइकवाल्यानं सवयीनं माइक पुढच्या रांगेसमोर ठेवले होते. मी मुलांना अर्धवर्तुळात उभं केलं, मागची रांगच ठेवली नाही, आणि मधला माइक निकितासमोर सरकवला. दाणी काका पेटीशी बसले. पडदा गेला आणि त्यांच्या बोटांनी सवयीनं काळी चार दाबली.

पुढची मुलं त्या सुरावर तोंड उघडणार, एवढ्यात मी काकांकडे तळवा उभा धरला. भर कार्यक्रमात, सगळ्यांसमोर. पेटी थांबली. काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि खरं सांगते, पुन्हा सूर दाबला असता तर त्यांना कुणी अडवलं नसतं. त्यांनी बोटं उचलून मांडीवर ठेवली.

निकितानं डोळे मिटले नाहीत. समोर बघत तिनं सूर दिला. खाली, जाड, स्थिर. हॉलमधल्या कित्येकांनी मान वळवून कोण गातंय ते शोधलं. त्या सुरावर पहिली ओळ उभी राहिली, मग दुसरी. फुटक्या आवाजाची दोन्ही मुलं खालून आली. डब्याच्या कडव्याला खमरियाच्या लोकांत हशा पिकला आणि पुढच्या कडव्यापासून हॉलमधल्या बायकांनी न विचारता उचलायला सुरुवात केली. चुका झाल्या. एक मुलगी कडवं आधीच सुरू करून बसली, टाळ्या एकदा मागे पडल्या. गाणं थांबलं नाही.

दूध पिताना काका माझ्याजवळ आले. मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी पट्टी मला आधी सांगा. लोकांसमोर हात दाखवायचा नाही." मग पेला खाली ठेवून म्हणाले, "पोरीचा खर्ज चांगला आहे." मी माफी मागितली नाही, त्यांनीही मागितली नाही. आम्हा दोघांचंही त्यात काही बिघडलं नाही.

परतीची बस सकाळची होती. शोभाताईंनी खोव्याच्या जिलेबीचा डबा दिला, तो सिवनीपर्यंत पाझरून माझी उरलेली साडीही गेली. तिलवाऱ्याच्या पुलावर मी हात जोडले. लोक विचारतात, मुलांसाठी गाणं कसं निवडता. मी आधी मुलं बघते, मग गाणं. शब्द मोठे असोत वा खेळातले, ज्या गाण्यात एक जरी मूल गप्प उभं करावं लागतं ते गाणं माझ्या कामाचं नाही, मग ते कुणाच्याही आवडीचं असो.

हिंगणघाटला बाबांना मी मोबाइलवर ध्वनिमुद्रण ऐकवलं. आता ते वाजवत नाहीत, दम लागतो. कान फोनला लावून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "खालचा सूर कोणाचा?"

निकिताचा, मी म्हटलं. खमरियाची आहे.

"सापडला," बाबा म्हणाले.

बँडवाल्याची मुलगी बी.ए. झाली, आणि तिनं जबलपूरला मुलांचं समूहगान बसवलं. त्यात उभी राहिलेली सगळी मुलं गायली.