कोर्ट उठेपर्यंत

मी दहावीत होते तेव्हा माझ्या आईला कोर्टाने शिक्षा दिली. हे मी कुणालाही सांगते, आवाज खाली न घेता.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, राहायला घणसोलीला. वडील तुर्भ्याच्या मार्केटात हमाल, आई तिथेच कांदा निवडायला जायची. एका दुपारी गाळ्यावर हिशेब लिहिणाऱ्या मेहताजीने निवडणाऱ्यांतल्या एका नव्या नवरीचा हात धरला. ती हिसडे देत होती तरी सोडेना. आईने हातातलं पत्र्याचं घमेलं त्याच्या कपाळावर हाणलं. तीन टाके पडले. त्याने पोलिसांत तक्रार दिली ती फक्त माराची.

ती नवरी आईकडे येऊन रडली. "मावशी, माझं नाव निघालं तर सासरचे ठेवून घ्यायचे नाहीत." आईने तिला शब्द दिला. ते नाव मीही आजवर कुठे घेतलेलं नाही.

वकील म्हणाले, "गुन्हा नाकबूल करा. दोन-चार वर्षं केस चालेल, साक्षीदार गळतील, तुम्ही सुटाल."

"मारलंय की मी," आई म्हणाली. "आन् साक्षी झाल्या तर त्या पोरीला मधी वडत्याल."

कोर्टात तिने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, यात तुरुंगात जावं लागू शकतं, कळतंय ना?"

"कळतंय, साहेब."

"का मारलंत?"

"राग आला."

"त्याला काही कारण असेल."

"हाय. पर ते माझ्या एकटीचं न्हाई."

न्यायाधीशांनी मेहताजीकडे पाहिलं. तो पंख्याकडे बघत होता. आईचा पहिलाच गुन्हा आणि सरळ कबुली, हे धरून शिक्षा झाली: थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे दिवसाचं कामकाज संपेपर्यंत तिथेच बसून राहायचं, मग घरी.

मागच्या बाकावर ती ताठ बसली, शेजारी मी. दुपारी मी डबा पुढे केला तर म्हणाली, "शिक्षा हाय, सहल न्हवं. तू खा." संध्याकाळी साहेब उठले. शिपाई म्हणाला, "जा मावशी, झालं." तिने रिकाम्या खुर्चीला हात जोडले.

शिक्षा एका दिवसात संपली, पण कागदावर राहिलीच. पुढच्या वर्षी शाळेत आयाची जागा निघाली. अर्ज मी भरत होते. 'पूर्वी शिक्षा झाली आहे का?' या रकान्यापाशी माझं पेन अडलं.

"लिही, झाली हुती."

"आई, नोकरी जाईल."

"जाऊ दे. कोर्टात कबूल केलं ते हितं कशाला लपवू?"

नोकरी मिळाली नाही. मला महिनाभर तिचा राग होता. ती मात्र रोज कांदा निवडायला जात राहिली, आणि त्या गाळ्यावर पुन्हा कुणा बाईच्या अंगाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

मी मोठी झाल्यावर एकदा गावाकडचे काका वडिलांना म्हणाले, "वहिनीचं ते प्रकरण पोरीच्या लग्नात आडवं येणार बघ."

आईने का मारलं ते वडिलांना ठाऊक होतं, पण त्यांनीही ते सांगितलं नाही. म्हणाले, "ज्यांना त्याची लाज वाटंल, त्यांच्या घरात मला पोरगी द्यायचीच न्हाई."

मी आत भाकऱ्या थापत होते. त्या दिवशी मला आमच्या घराचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा पुढे माझ्या पदवीचाही वाटला नाही.