इंदूआत्याच्या डब्यातलं पीठ

आमच्या घरी मला फोन करायचा तो आईने. दादा, म्हणजे माझे वडील, फोन लावून देतात आणि आईच्या हातात देतात. त्यामुळे त्या दुपारी कॉलेजच्या वाचनालयात असताना फोन वाजला आणि पलीकडून दादांचाच आवाज आला, तेव्हाच काहीतरी झालंय हे मला कळलं. "घरी ये," ते म्हणाले. "इंदूचं झालं सगळं..." इंदू म्हणजे त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या. आपल्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसून चहा पीत होती. छातीत कळ आली म्हणाली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत काही उरलं नव्हतं.

आता काही आठवडे झाले आहेत. मी घरातली पहिलीच कॉलेजात जाणारी, त्यामुळे लिहायचं काम आपोआप माझ्याकडे येतं. नीट जमेल की नाही, ठाऊक नाही. त्या दिवशी अंगणात जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, "बंदुकावाल्यांतून सुखरूप आली, अन् ओट्यावर गेली." ते वाक्य तेव्हा मला बरं वाटलं नव्हतं. पण आत्याबद्दल लिहायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागेल असं आता वाटतं.

नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे आमचा फुलांचा मळा आहे. आत्याची पिठाची गिरणी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आत्याचे यजमान लवकर गेले. त्यानंतर ती माहेरच्या गावी आली आणि तिने ही गिरणी घेतली. गिरणीत दळण टाकलं की थांबावं लागतं, आणि थांबलं की बायका बोलतात. त्या बोलण्यातूनच तिच्या सहली निघाल्या. पहिल्यांदा एक जीप करून वणीच्या देवीला, मग रेल्वेने काशीला, मग जगन्नाथपुरीला. कंपनी नाही, पाटी नाही. गिरणीवर येणाऱ्या बायका, आणि पुढे चालणारी आत्या. मळ्यातल्या कामातून ज्यांना माहेरीसुद्धा धड चार दिवस मिळत नाहीत, त्या बायका तिच्याबरोबर समुद्र बघून आल्या.

तिची एक रीत होती. निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येकीने आपल्या घरचं पीठ आणायचं आणि गिरणीतल्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात ओतायचं. कुणाची बाजरी, कुणाची ज्वारी, कुणाची नागली, कुणाचे गहू. आत्या कोपरापर्यंत हात घालून ते सगळं एक करायची. जिथे मुक्काम असेल तिथल्या स्वयंपाकघरात चूल मागून घ्यायची आणि त्या पिठाची थालीपीठं लावायची. पहिल्यांदा काही जणींनी नाकं मुरडली होती म्हणे. कुणाच्या घरचं पीठ, कोण कसं साफ करतं... आत्या म्हणाली, "गिरणीत तुमच्या आधी कुणाचं दळण पडलं ते विचारता का? दगडाला चिकटलेलं तिचं पीठ तुमच्या घरी जातंच की." पुढे तर ज्या बाईचं पीठ डब्यात पडलं तिचं येणं पक्कं, असंच सगळे मानायला लागले.

आमच्या आईचं पीठ त्या डब्यात कधी पडलं नव्हतं. फुलांना सुट्टी नसते. गणपती, दसरा, दिवाळी, लग्नसराई, काही ना काही असतंच, आणि तोडणीला आई लागतेच. आत्या दरवेळी विचारायची, आई दरवेळी म्हणायची, "पुढल्या खेपेला, वन्सं." मग काश्मीरचं ठरलं. आईला बर्फ बघायचा होता. हे तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, आत्याला सांगितलं होतं. आत्याने दादांना गाठलं. "दादा, वहिनीला नेते. तोडणीला मी माझ्या दोन बाया देते. बोल." दादा कुरकुरले, पण हो म्हणाले. आईने जांभळा स्वेटर घेतला. तिकिटं मी काढली, ओळखपत्रांच्या प्रती मी काढल्या. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आई पहिल्यांदा बाजरीचं पीठ घेऊन गिरणीवर गेली. शेजारची ठकूबाई, जिचं तोंड कधी बंद नसतं, म्हणाली, "आली गं बाई आली, मळ्याची मालकीण आली! आता काश्मीरलाच फुलं तोडायला बसू नको म्हंजे झालं." आई लाजून हसली, आणि तिने पीठ ओतलं.

त्याच संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली. काश्मीरमध्ये फिरायला गेलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या होत्या. आम्ही सगळे उभ्यानेच बघत होतो. पडद्यावर हिरवं गवत दिसत होतं, आणि आमच्यासारखीच माणसं. कुणाच्या गळ्यात कॅमेरा, कुणाच्या पायात नवे बूट. मी त्या माणसांबद्दल इथे जास्त लिहीत नाही. तो माझा अधिकार नाही. आमच्याकडे काय झालं तेवढंच सांगते. एकेकीचा नवरा, मुलगा, दीर गिरणीवर यायला लागला. कुणी ओरडलं नाही. सगळे एकच म्हणत होते, "रद्द करा." दादा सगळ्यात शेवटी गेले. आत्या म्हणाली, "दादा, अजून काही ठरवलं नाय मी." दादा म्हणाले, "फूल बाजारात गेलं अन् परत नाय आलं, तर चालतं. माणसाचं तसं नाय इंदे." आई गिरणीच्या दारात उभी होती.

मग आत्याने मला जवळ बोलावलं. "तू कॉलेजात जाते. तू सांग. धोका हाय का नाय?" मी फोनवर जेवढं सापडलं तेवढं वाचलं होतं. सैन्य वाढवलंय, बागा बंद केल्यात, लोक परत निघालेत... पण धोका आहे की नाही, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी म्हणाले, "आत्या, मला नाही सांगता येत." ती म्हणाली, "मग ज्यांना येतं, ते तरी खरं सांगत असतील का?" तिने हे चिडून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

थोड्या वेळाने तिकडचा फोन आला. बशीर म्हणून गाडीवाला ठरवला होता, तो दोन-तीन महिने आत्याशी फोनवर बोलत होता. आत्याने फोन स्पीकरवर ठेवला. तो म्हणाला, "बहनजी, इस बार मत आओ. हम शर्मिंदा हैं." आत्याने तिच्या हिंदीत विचारलं, "तुमचे घर में सब बराबर है ना? बच्चे लोग?" तो म्हणाला, सब ठीक है, गाडी आँगन में खड़ी है. फोन ठेवल्यावर आत्या म्हणाली, "चला. आता तोच नको म्हणतोय."

तिकिटं रद्द झाली. पण डब्यातल्या पिठाचं काय करायचं, हा प्रश्न कुणाच्या लक्षातच आला नव्हता. सगळ्यांचं एक झालेलं पीठ, त्यातलं कुणाचं कुणाला परत देणार? ठकूबाई म्हणाली, "माझी नागली तेवढी वेचून दे गं इंदे." त्या संध्याकाळी तेवढंच एकदा सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी, ज्या वेळी गाडी नाशिकरोडहून सुटणार होती, त्या वेळी आत्याने गिरणीच्या मागे चूल पेटवली आणि सगळ्यांना बोलावलं. भरलेल्या बॅगा घरी ठेवून बायका आल्या. थालीपीठं, ठेचा, दही. ठकूबाई सोडून कुणी फारसं बोलत नव्हतं. एकजण मध्येच म्हणाली, "त्या बायांनीपण अशाच बॅगा भरल्या असतील..." मग ठकूबाईपण गप्प झाली. आईने एकच थालीपीठ खाल्लं. तो जांभळा स्वेटर पुढे हिवाळ्यात ती पहाटेच्या तोडणीला घालायला लागली. त्याच्या बाह्यांना शेवंतीच्या पानांचे डाग पडले.

पुढच्या वर्षी आत्याने पुन्हा विषय काढला, तेव्हा बहुतेक जणींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आई तयार होती. दादांनी नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, "अजून एक वरीस जाऊ दे." आमच्याकडे नाही म्हणायची हीच पद्धत आहे. शेवटी आत्या, ठकूबाई आणि आणखी तिघी गेल्या. पीठ कमी होतं, डबा तोच होता.

त्या प्रवासाचं मला ठकूबाईकडून कळलं. जम्मूच्या पुढे वाटेत एका नाक्यावर जवानांनी गाडी थांबवली, सगळं सामान खाली उतरवलं. एकेक पिशवी उघडून बघितली. मग डबा उघडला. करड्या, तांबूस, पांढऱ्या रंगाचं ते पीठ बघून जवानाने विचारलं, "माताजी, ये क्या है?" आत्या म्हणाली, "आटा." "किस चीज़ का?" आता आत्याला तरी कुठे ठाऊक होतं? "जिसके घर में जो था, उसका," ती म्हणाली. त्याने दुसऱ्याला बोलावलं. दुसऱ्याने कुत्र्याला बोलावलं. "कुत्रं आलं अन् शिंकलं," हे सांगताना ठकूबाई आजही हसून हसून डोळे पुसते. सगळं दळण भाजणीसारखं एक करायची आमची रीत तिथे कुणाला कशी समजणार? शेवटी आत्याने चिमूटभर कच्चं पीठ तोंडात टाकलं आणि पाणी न पिता गिळलं. जवानाने झाकण लावलं, डबा स्वतः गाडीत ठेवला आणि म्हणाला, "बुरा मत मानना." आत्या म्हणाली, "नाही बाबा. तपास. नीट तपास. तुम तपासता है म्हणून तर हम आया."

परत आल्यावर ती बर्फाबद्दल फारसं बोलली नाही. एका संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर बसली होती. दादा दुसऱ्या दिवशी बाजारात न्यायच्या फुलांच्या जाळ्या बांधत होते. ती म्हणाली, "दादा, बाजार पडल्यावर तू गलांड्याची फुलं रस्त्याच्या कडेला ओतून येतो ना, तेव्हा घरी येऊन जेवत नाय. तिथं अख्खं गाव तसं बसलंय बघ. तळ्यात नावा नुसत्या बांधून ठेवलेल्या. हाटेलात आम्ही पाचजणी, अन् वाढायला सातजण. बशीरच्या आईने माझं थालीपीठ खाल्लं अन् माझा हातच सोडंना." दादा जाळी बांधत राहिले. आत्या म्हणाली, "भीती मलापण वाटली. नाक्यानाक्यावर वाटली. मी काय वाघीण नाय. पण पुढल्या वर्षी वहिनीला नेणार, सांगून ठेवते." दादांनी हो म्हटलं नाही. अजून एक वरीस जाऊ दे, असंही म्हटलं नाही.

त्यानंतरचं वर्ष म्हणजे हे वर्ष.

आत्याचा मुलगा पुण्याला नोकरी करतो. तेरावं झाल्यावर त्याने गिरणीची किल्ली दादांकडे दिली आणि तो गेला. गिरणी बंद राहिली. बायका दळण घेऊन पलीकडच्या वस्तीवर जाऊ लागल्या. बशीरचा फोन आला होता, तो मी घेतला. आत्या गेल्याचं सांगितल्यावर तो म्हणाला, "माँ को कैसे बताऊँ..." आई हे सगळं ऐकत होती. त्या दिवशी तिने स्वेटर धुतला. डाग काही गेले नाहीत. उन्हाळा असूनही तो तिने पेटीत टाकला नाही, खुंटीवर लावला.

गेल्या रविवारी मी घरी होते. दुपारी अचानक गिरणीचा आवाज आला. इतक्या दिवसांनी तो पट्ट्याचा आवाज ऐकून आई हातातलं काम टाकून बाहेर आली. मीही मागोमाग गेले. दादा एकटेच आत होते. केसांवर, भुवयांवर पीठ. पायलीभर बाजरी दळून झाली होती. कोपऱ्यातला तो पत्र्याचा डबा त्यांनी पुसून घेतला होता. त्यांनी दोन्ही हातांनी पीठ उचलून त्यात टाकलं, आणि मग आईकडे बघितलं.

"कुठं न्यायचंय?" आईने विचारलं.

"इंदू कुठं नेणार होती?" दादा म्हणाले. "मी नुसतं दळण काढलं. पुढचं तुम्ही बाया ठरवा." मग हातावरचं पीठ झटकत म्हणाले, "भीती वाटती मला. ती वाटणारच."

डब्यावर लावायला मी झाकण उचललं, तसा आईने माझा हात धरला. गरम पिठाला झाकण लावलं की त्याला घाम सुटतो, पीठ खराब होतं. हे आत्या येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची. म्हणून आम्ही डबा तसाच उघडा ठेवला आणि गिरणीचं दारही लोटून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले तेव्हा तिकडे डोकावले. बाजरीच्या करड्या पिठावर एका बाजूला कुणीतरी नागलीचं तांबूस पीठ ओतून गेलं होतं.