उन्नतीचा सर्व्हर आणि आईचे धवले

करावे गावच्या गोजराबाई म्हणजे नावाजलेल्या धवलारीण. लग्नघरी देवांना आवतण द्यायचं, हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीची गाणी, म्हणजे धवले, म्हणायचे, हा त्यांचा मान. घशाचं ऑपरेशन झालं आणि त्या आवाजाची नुसती कुजबुज उरली. तेव्हापासून त्यांची मुलगी उन्नती एका जागी म्हणून बसली नाही.

सीबीडीतल्या ऑफिसातून सुटली की ती स्कूटी काढायची आणि घरोघर आईची रेकॉर्डिंग शोधत फिरायची. कुणाकडे जुनी कॅसेट, कुणाकडे ओरखडे पडलेली सीडी, कुणाच्या मोबाइलात हलत्या हाताने काढलेला व्हिडिओ. सगळं तिने घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर उतरवलं, त्याचाच मीडिया सर्व्हर केला आणि टीव्हीला जोडला. गोजराबाई पडद्यावर स्वतःलाच गाताना बघायच्या आणि मागच्या बाया चुकल्या की तोंड वाकडं करायच्या.

मग मस्कतहून मामेबहिणीचा, स्नेहलचा फोन आला.

"उन्ने, पोरीची हळद इथेच करतोय. धवले कोण म्हणणार? मला आत्याचाच आवाज पाहिजे. एकेक फाइल पाठवत बसू नको, मी सगळं बघून निवडते."

उन्नतीला कुठला दम धरवतोय? त्याच संध्याकाळी तिने राउटरमध्ये बाहेरच्यांना आत यायला दार असावं तसा एक पोर्ट उघडला, 'पाहुणे' नावाचं खातं केलं आणि गावाच्या नावापुढे एक-दोन-तीन लावून पासवर्ड ठेवला. स्नेहलला मस्कतमध्ये लगेच दिसायला लागलं. दोघी फोनवर हसल्या, रडल्याही.

दोनेक दिवसांनी ऑफिसात चहा पिताना उन्नतीने सहज सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. कुठल्याशा अनोळखी देशातून कुणीतरी सारखे वेगवेगळे पासवर्ड लावून बघत होतं. शेवटी एक लागला होता. 'पाहुणे' आत आले होते आणि त्यांनी एक हळदीचा व्हिडिओ बराच वेळ चालवला होता. तिने स्नेहलला विचारलं. ती म्हणाली, "मी तर कामावर होते गं."

उन्नती तशीच घरी आली आणि तिने राउटरची वायरच उपटली. गोजराबाई कोलंबी सोलत होत्या.

"काय झाला?"

"आये, कुणीतरी आत शिरलं होतं. तुझे व्हिडिओ बघत होतं."

"कोन?"

"तेच तर कळत नाही!"

गोजराबाईंचे हात थांबले. त्या व्हिडिओंत केस मोकळे सोडून नाचणाऱ्या बाया होत्या, एकमेकींची नावं घेऊन केलेल्या थट्टा होत्या. त्या कुजबुजल्या, "बायांना इचारलं व्हतंस? बाहेर दाखवू का म्हनून?"

उन्नती उठली. स्वयंपाकघरात गेली, परत आली, पुन्हा गेली. आपण कुणालाच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. पोर्ट बंद केला, 'पाहुणे' काढून टाकलं, सर्व्हर अद्ययावत केला आणि व्हीपीएन बसवला. आता ज्याच्या फोनमध्ये आपण दिलेली चावी असेल, तोच फोन घरच्या वायफायवर असल्यासारखा आत येणार होता. इतरांनी कितीही ठोठावलं तरी आतून हूं की चूं नाही.

घरात बसून याची परीक्षा होत नव्हती. म्हणून ती खाडीच्या जेटीवर गेली आणि वायफाय बंद करून मोबाइल डेटा लावला. लागेना. घरी धावली, सेटिंग बदललं, परत जेटीवर. तरी लागेना. जाळं साफ करणारे सिताराममामा बघत होते.

"काय गो, कोनाची वाट बघतंस?"

"घराची, मामा!" ती करवादली.

स्वतःच्याच बोलण्याने ती थबकली. घर! तिने वायर उपटली, तेव्हा राउटर बंद पडून चालू झाला होता आणि घराचा इंटरनेटवरचा पत्ता बदलला होता. चावीत मात्र तिने स्नेहलसाठी टिपून ठेवलेला जुनाच पत्ता घातला होता. पत्ता कितीही बदलला तरी घर शोधून देणारं एक कायमचं नाव तिने घेतलं आणि ते चावीत घातलं. तिसऱ्या खेपेला जेटीवर फोनमधून आईचा आवाज खणखणीत उठला. सिताराममामांचे हात जाळ्यावरच राहिले. "गोजराच ती," ते म्हणाले.

इकडे गोजराबाई गावात फिरून एकेकीच्या दारात उभ्या राहत होत्या. बहुतेक जणी हो म्हणाल्या. गावातल्या शुभदाच्या हळदीचा व्हिडिओ मात्र गोजराबाईंनी सर्व्हरवरून काढून टाकायला लावला. ते लग्न टिकलं नव्हतं आणि शुभदाला तो दिवस पुन्हा कुणाला दाखवायचा नव्हता.

स्नेहलची चावी उन्नतीने कुठल्याही ग्रुपवर टाकली नाही. व्हिडिओ कॉलवर चावीचा क्यूआर कोड समोर धरला आणि स्नेहलने तो दुसऱ्या फोनने स्कॅन केला.

हळदीच्या दिवशी व्हिडिओ कॉल लावून मायलेकी बसल्या होत्या, आणि उन्नती सारखी उठून राउटरचे दिवे बघत होती. मस्कतच्या फ्लॅटमध्ये गोजराबाईंचा जुना आवाज घुमला आणि बाया नवरीला हळद लावायला धावल्या. इकडे गोजराबाई जोरजोरात हात हलवायला लागल्या.

"थांबव त्यांना! आधी देवाला!"

"स्नेहल! आधी देवाला हळद!" उन्नती ओरडली. तिकडे एकच हशा पिकला, आणि देवाची हळद झाली.

कॉल संपला. उन्नतीला वाटलं, आता तरी आई निवांत होईल. पण गोजराबाई रिमोट घेऊन याद्या खालीवर करत राहिल्या. पाठवणीचं एक गाणं, त्यांना त्यांच्या आईकडून आलेलं, कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं.

"त्या गाना नाय यान," त्या म्हणाल्या.

"मग आता?"

गोजराबाईंनी मुलीचा फोन ओढून घेतला आणि ओठांजवळ धरला. चाल येणार नव्हती. शब्द तरी येतील. उन्नतीने उठून पंखा बंद केला, खिडकी लावली. आईची कुजबुज सुरू झाली, मध्येच तुटली, आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू झाली.