जानीबाईचा ढीग

वाघबारशीच्या आदल्या दुपारी भिवंडीजवळच्या पूर्णा येथील आमच्या गोदामातून कॉक्लिअर इम्प्लांटचा एक प्रोसेसर रिकाम्या खोक्यांबरोबर भंगारात गेला. ते लक्षात आले दुसऱ्या दिवशी सकाळी, तो नाशिकला पाठवायची वेळ झाली तेव्हा.

हे गोदाम वैद्यकीय उपकरणांचे आहे. तिथला स्टॉक मी सांभाळते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या काही मुलांच्या कानात शस्त्रक्रिया करून एक भाग बसवतात. दुसरा भाग कानामागे अडकवायचा असतो, त्याला प्रोसेसर म्हणतात. तो बाहेरचा आवाज पकडून आतल्या भागाला देतो. प्रोसेसर नसेल तर शस्त्रक्रिया झालेल्या मुलालाही काही ऐकू येत नाही.

हा प्रोसेसर सहा वर्षांच्या एका मुलीसाठी होता. तिचा आधीचा पाण्यात पडून बिघडला होता. नाशिकच्या क्लिनिकमधल्या ऑडिओलॉजिस्टने फोनवर सांगितले, "मुलीने शाळा सोडलीय. आता बोलणंही कमी केलंय. उद्या दुपारपर्यंत यंत्र आलं तर बसवून देईन, नंतर क्लिनिक दिवाळीला बंद." दुसरा प्रोसेसर परदेशातून मागवावा लागला असता. तो दिवाळीत येणे शक्य नव्हते.

सीसीटीव्हीत सगळे दिसले. खोके रिकामे केले की आमची माणसे त्यावर मार्करने फुली मारतात. त्या दिवशी एकावर एक ठेवलेल्या दोन खोक्यांवर एकदमच फुली पडली. खालचे रिकामे केलेलेच नव्हते. भंगाराचा टेम्पो दोन्ही घेऊन टेमघरच्या यार्डात गेला होता.

भिवंडीतल्या गोदामांचा पुठ्ठा थेट पेपर मिलमध्ये जात नाही. आधी तो अशा यार्डात उतरतो. तिथे बायका एकेक खोका मोडतात, चिकटपट्टी आणि पिना काढतात, प्लॅस्टिक वेगळे करतात. मग पुठ्ठा मशीनमध्ये दाबून त्याचे गठ्ठे बांधतात, त्या मशीनला प्रेस म्हणतात. हे हात मध्ये नसतील तर मिल तो माल घेणार नाही. आमच्या कंपनीच्या रिसायकलिंगच्या अहवालात मात्र टेम्पो गेटबाहेर पडला की काम संपते.

मी यार्डात पोहोचले तेव्हा प्रेस चालू होती. मालक रफीकशेठ तिच्याजवळच उभे होते. कालचा आमचा माल दाबला का, असे विचारल्यावर त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवले. तिथे गोणपाटांनी झाकलेला, छातीएवढा ढीग होता.

"तुमचं नशीब चांगलं, मॅडम. जानीबाई गावाला गेली, म्हणून राहिलाय."

मी चार माणसे आणते आणि ढीग उपसते, असे म्हटले. शेठ हसले.

"मशीन मेरी है, ढेर मेरा नहीं. सखूबाईला विचारा."

सखूबाई निवडणाऱ्या बायकांची मुकादम होती. हातातले काम न थांबवता तिने ऐकून घेतले.

"कालची पाळी जानीची व्हती," ती म्हणाली. "तिचा ढीग तीच मोडल. ती येयपरत कुनी हात न्हाय लावायचा."

या यार्डाची रीत अशी. टेम्पो आला की ज्या बाईची पाळी असेल तिला तो माल मिळतो. मजुरी निवडलेल्या मालाच्या वजनावर असते, त्यामुळे दुसरीने ढिगाला हात लावला की भांडण. बाई आजारी पडो की गावाला जावो, तिचा ढीग झाकून ठेवतात. ढिगात काही सापडले तर तेही तिचेच.

"पण ते कंपनीचं आहे," मी म्हटले.

"कंपनीनं टाकलं ना? मंग टाकल्यावर कंपनीचं कसं ऱ्हाईल?"

बाजूच्या बायका हसल्या. "टाकून दिल्याला नवरा बी परत मागत न्हाय कुनी," एक जण म्हणाली.

तेवढ्यात मुंबईच्या ऑफिसमधून आमच्या राव सरांचा फोन आला.

"मिळालं का?"

"ढीग आहे, सर. हात लावू देत नाहीत."

"म्हणजे काय? आपला माल आहे. पोलीस कम्प्लेंट करू का?"

"त्यांनी काही नेलेलं नाही, सर. आपणच पाठवलंय."

"मग मॅनेज कर," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी सखूबाईला पुन्हा समजावले. या वेळी कंपनीचे नाव घेतले नाही, मुलीचे सांगितले. तिने हातातला खोका खाली ठेवला.

"म्हंजे ती पोर आता कायच आयकत न्हाय?"

"नाही."

"मंग हे आदी सांगायचं, म्याडम. कंपनी कंपनी काय लावलंव?" तिने डोक्याचा फडका सोडून झटकला. "पन जानीला इचारल्याबिगर ढीग उघडायचा न्हाय. आज वाघबारस हाय. ती पाड्यावर आसंल. तितं फोन लागत न्हाय. गाडी हाय ना तुमची? चला, मी येतंय."

पडघ्याच्या पुढे डांबरी रस्ता संपला. ड्रायव्हरने गाडी भाताच्या खळ्याजवळ लावली आणि आम्ही चालत निघालो. वाघबारशीला पाड्यांवर शेतातले काम बंद असते. शिवेवर वाघदेवाचा दगड असतो, त्याला शेंदूर लावून नैवेद्य दाखवतात. वर्षभर गुराढोरांना आणि माणसांना सांभाळ, असे मागणे असते. पूजा अजून सुरू व्हायची होती.

जानीबाई बायकांत बसली होती. पन्नाशीची, बारीक अंगाची. सखूबाईने तिला सगळे सांगितले.

"तुम्ही नुसतं हो म्हणा," मी म्हटले. "आम्ही शोधतो. वजनाचा हिशेब तुमच्याच नावावर राहील."

"तुमी काय शोदाल? पसरून ठेवाल निस्तं. माजा ढीग मी उपसतंय."

"मग लगेच निघायचं का?"

"देवाचं झाल्याबिगर शीव वलांडत न्हाय. बसा."

आम्ही बसलो. घड्याळ बघायचे मी दोनदा टाळले, तिसऱ्यांदा जानीबाईने मनगटाकडे बघताना पकडले. "देव बी घाईत हाय आज," ती पुजाऱ्याला म्हणाली, "जरा उरक." पुजारी तिचा दीर होता. त्याने उरकले. पळसाच्या पानावर आम्हाला नव्या तांदळाचा भात वाढला गेला. तो खाल्ल्याशिवाय सोडले नाही. मग ती सणाच्या लुगड्यातच गाडीत बसली.

यार्डात पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते आणि बायका घरी निघाल्या होत्या. जानीबाईने गोणपाट काढले, पदर खोचला आणि म्हणाली, "या गं समद्या. आज ढीग समद्यांचा."

निघालेल्या बायका परत फिरल्या. रफीकशेठनी प्रेस बंद करून ऑपरेटरलाही पाठवले. खोका उघडायचा, चारही कोपऱ्यांत हात फिरवायचा, मोडायचा, मागे टाकायचा. मीही एक खोका उघडून तपासला. सखूबाईने तो माझ्या हातातून काढून घेतला, पुन्हा हात घातला आणि मग मागे टाकला.

"ह्ये बगा, म्याडम," थोड्या वेळाने तीच म्हणाली. फुली मारलेल्या एका खोक्यात, कागदी भरणाच्या खाली, तळहाताएवढी पेटी होती. "पोरीचा कान."

तिने पेटी माझ्याकडे दिली नाही. जानीबाईकडे दिली. ढीग तिचा होता. जानीबाईने ती लुगड्याला पुसली आणि माझ्या हातात ठेवली.

"घ्या. आता टाकू नका."

सील शाबूत होते. नंबर जुळला.

राव सरांना कळवले. त्यांनी रिपोर्ट मागितला. 'माल परत कसा मिळाला' या रकान्यात मी 'यार्डातील कामगारांच्या सहकार्याने' असे लिहिले. त्यात नावांना जागा नव्हती, म्हणून ती इथे लिहिली आहेत. सखूबाई आणि जानीबाई कंपनीच्या पगारावर नाहीत आणि कधी नव्हत्या. त्या दिवशी जानीबाईने सण सोडला, बाकीच्यांनी घरी जाणे सोडले. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. गोदामात आता एका माणसाने मारलेली फुली दुसरा माणूस खोक्यात हात घालून तपासतो. हात घालायची पद्धत त्या यार्डातून घेतली आहे.

धनत्रयोदशीला सकाळी ड्रायव्हर पेटी घेऊन नाशिकला गेला. दुपारी ऑडिओलॉजिस्टचा फोन आला. प्रोसेसर बसवून सुरू केला होता. आईने मागून हाक मारली, तेव्हा मुलीने वळून पाहिले.