मालक परळला राहतो

निवृत्त झाल्यावर दादाला होडी घ्यायची हुक्की आली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जन्म गिरगावातला, नोकरी सगळी फोर्टात टेबलामागे, आणि आता मुक्काम दादरला. सुट्टीच्या दिवशी गळ टाकायला समुद्रात जाणाऱ्या काही मंडळींशी त्याची ओळख झाली आणि आपलीही एक होडी हवी असं त्याच्या मनाने घेतलं. वरळीच्या किनाऱ्यावर एक जुनी फायबरची होडी विकाऊ आहे असं कळल्यावर त्याने मला फोन केला.

"तुझं आयुष्य गेलंय बोटींचे क्लेम तपासण्यात. एकदा कागद बघून दे. मला कुणी टोपी घालायला नको."

मी विमा कंपनीत होते. बुडालेल्या, जळालेल्या, आणि कधीकधी न बुडताच बुडालेल्या होड्यांच्या फायली माझ्याकडे यायच्या. त्यामुळे नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. घरात बसून कंटाळले होते.

विकणारा माणूस चाळिशीतला, तुळतुळीत दाढी केलेला, बोलायला गोड. "मॅडम, बिनधास्त बघा. घरचीच बोट आहे," म्हणाला. मी मागच्या फळीवर कोरलेला क्रमांक नोंदणीच्या दाखल्याशी ताडून पाहिला. इंजिनाचा क्रमांक पाहिला, कुठे घासल्याची खूण नव्हती. मग नोंदणीच्या कचेरीत जाऊन चौकशी केली. होडीवर कर्ज नव्हतं, कधी चोरीला गेल्याची तक्रार नव्हती, अपघाताची नोंद नव्हती. खटकली ती एकच गोष्ट. होडी त्याच्या नावावर नव्हती.

"मोठ्या भावाच्या नावावर आहे," तो म्हणाला. "हस्तांतराच्या फॉर्मवर त्याची सही घेतलीय ना. ही बघा."

"भावाला भेटता येईल?"

"तो गावाला असतो मॅडम, मालवणला."

दाखल्यावर पत्ता परळचा होता. नोंदणीतल्या मालकाचं तोंड पाहिल्याशिवाय मी कधी फाईल बंद केलेली नाही. एका दुपारी मी परळला गेले.

चाळीतली खोली. पिठाच्या हातांनी एका बाईने दार उघडलं. मी होडीबद्दल विचारायला आलेय म्हटल्यावर ती गोंधळली. खिडकीजवळच्या कॉटवर तिचा नवरा पडून होता. उजवं अंग गेलेलं.

"हे गावाला असतात असं ऐकलं," मी म्हटलं.

"गावाला? पॅरालिसिस झाल्यापासून गॅलरीच्या पुढे गेले नाय हे."

मी मोबाईलवर काढलेला फॉर्मचा फोटो तिच्यापुढे धरला. तिने हात पदराला पुसले, फोटो मोठा करून पाहिला. "ह्यांची सही नाय ही. ह्यांना चमचा धरता येत नाय, सही कसली करतायत!" मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "दीर विकतायत होय?"

होडी हा शब्द कॉटवरच्या माणसाने ऐकला होता. तो काहीतरी बोलला, मला एक अक्षर कळलं नाही. बायकोने सांगितलं, "विचारतायत, पाणी भरलंय काय तिच्यात."

"नाही," मी म्हटलं. "कोरडी आहे. ताडपत्री घातलीय."

खरंच घातली होती. तो अर्ध्या तोंडाने हसला. फिटर होता तो, इंजिन स्वतःच्या हाताने उघडून साफ करायचा, असं त्याची बायको मला पोचवायला जिन्यापर्यंत आली तेव्हा म्हणाली. खोली सासूने धाकट्या मुलाच्या, म्हणजे या दिराच्याच, नावावर करून ठेवली होती. औषधंही तोच आणायचा. "बघा काय ते," ती म्हणाली. "पण आमच्यावर येऊ देऊ नका, ताई."

मी तिथून सरळ दादाकडे गेले. वहिनीने चहा ठेवला. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आता नाद सोड."

"म्हणजे सही खोटी आहे."

"हो."

"आणि होडी? होडी ठीक आहे ना?"

त्याच्या मनात काय आहे ते मला तेव्हाही कळलं नाही. त्याने माझ्यासमोरच त्या माणसाला फोन लावला. ऑफिसात हाताखालच्यांशी बोलायचा तोच आवाज. "हे बघा, ही सही चालणार नाही. भावाचा अंगठा घ्या, साक्षीदार उभे करा, बायकोची संमती लिहून आणा. आणि एवढी भानगड आहे म्हटल्यावर भाव तोच राहणार नाही."

"दादा, त्या माणसाला होडी विकायचीच नाहीये," मी म्हटलं.

"मग त्याने तसं सांगावं. तुला मी कागद बघायला सांगितलं होतं, माणसं बघायला नाही."

वहिनी कपातला चहा ढवळत राहिली. साखर घातलीच नव्हती त्यात.

अंगठा आला, संमती आली, होडी दादाच्या नावावर झाली. तो पेढे घेऊन माझ्या घरी आला. "तुझ्यामुळे व्यवहार चोख झाला," म्हणाला. मी पेढा हातात घेतला नाही. तो म्हणाला, "तुला जगात राहायचं कळत नाही," आणि पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवून गेला.

मी पुन्हा परळला गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. या वेळी त्या बाईने मला आत बोलावलं नाही. दार ओढून घेऊन ती गॅलरीत उभी राहिली.

"दीर शाईचा पॅड घेऊन आले," ती म्हणाली. "ह्यांनी मूठ आवळून धरली होती. दिरांनी एकेक बोट सोडवलं. मग मला म्हणाले, तू सही कर, नायतर खोली बघा दुसरी. मी केली."

मी काही बोलणार तोच ती म्हणाली, "तुम्ही आला नसतात तर त्यांनी चोरून विकली असती. मी ह्यांना सांगितलं असतं, चोरीला गेली. रडले असते, गप्प झाले असते. आता ह्यांना वाटतं मी विकली. माझ्या हातचं जेवत नायत. शेजारणीला बोलवावं लागतं भरवायला."

आतून कॉट करकरली. ती आत गेली आणि कडी लावून घेतली.

दादा त्या होडीतून चार-पाचदा गेला असेल. मग कंबर धरली, आणि मळमळतं अशी तक्रारही सुरू झाली. पावसाळ्याआधी त्याने ती कुणा अलिबागच्या माणसाला विकून टाकली. कागद स्वच्छ, तेव्हा लगेच गेली. त्याला फायदाही झाला असं वहिनीकडून कळलं.

भाऊबीजेला मी जाते. ओवाळते. बोलणं ब्लडप्रेशर आणि सोसायटीच्या पुनर्विकासाच्या पुढे जात नाही. पण चारचौघांत तो अजून माझं कौतुक करतो. जुनी होडी घ्यायची असेल तर आमच्या बहिणीला विचारा, म्हणतो, मालकाच्या घरापर्यंत जाऊन येते. त्याच्या एका मित्राचा खरोखरच फोन आला होता. मी त्याला गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.